पॅशन फ्रूट घ्यायचं तर सुरकुतलेलंच घ्या, चिकनं नको

आधी भाव सांगते, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याचा वेळ जायला नको. आमच्या तालुक्याच्या गावी मेन रोडवर एक फळांचं दुकान आहे, तिथं यंदा दिवाळीनंतर पॅशन फ्रूट आलं, पाव किलो ८० रुपये. पावात सहा फळं बसतात, लिंबापेक्षा थोडी मोठी, जांभळी. अन् त्यातलं अर्ध्याच्या वर वजन सालीचं असतं जी खायची नसते, म्हणजे हातात पडतो तो शंभरेक ग्रॅम गर, एक लहान वाटी. ८० रुपयात वाटीभर गर. आता ज्यांना महाग वाटलं त्यांनी पेरू घ्यावा, खरंच सांगते काही वाईट नाही त्यात, उलट चांगलंच आहे, त्याचं पुढे लिहितेच.

आम्ही वरुड-मोर्शी पट्ट्यातले लोक. इथं दिवाळीच्या सुमाराला आंबिया बहाराचा संत्रा निघतो, घरात अंगणात ओसरीवर जिकडं तिकडं संत्राच संत्रा, पाहुणा आला की थैली भरून देतो आम्ही. अशा घरात कोणी फळ विकत आणलं की घरचे काय म्हणत असतील ते तुम्हीच समजा. सासरे म्हणाले, "आपल्या घरी झाडं असून हे ऐंशी रुपयाचं काय आणलं वं?" मी म्हटलं बाबा खाऊन तर पाहा. पण ते नंतर.

दुकानाबद्दल आधी. दुकान स्वच्छ आहे, काटा इलेक्ट्रॉनिक आहे अन् आकडा आपल्याकडं फिरवलेला असतो हे मला आवडलं, नाहीतर काही जण काटा अस्सा ठेवतात की गिऱ्हाईकाला दिसतच नाही. माल नागपूरच्या कळमना मार्केटातून येतो म्हणे. ड्रॅगन फ्रूट, किवी, ते लाल सफरचंद ज्याच्यावर स्टिकर असतं, सगळं मिळतं. दुकानदार दादा बोलायला चांगला आहे. पण पॅशन फ्रूटचं त्याला काही म्हणता काही माहीत नाही अन् गंमत अशी की त्याच्या या न माहीत असण्यातच आपला फायदा आहे.

म्हणजे कसं, त्यानं वर शोकेसमध्ये थर्माकोलच्या ट्रेत जे ठेवले होते ते एकदम गुळगुळीत, चकचकीत, फुगीर. अन् खाली पायाशी एक क्रेट होतं त्यात सुरकुत्या पडलेले, काळपट, पाहिलं तर वाटावं फेकायला ठेवलेत. मी म्हटलं दादा हे खालचे द्या. तर तो म्हणे, "ताई ते गेलेला माल हाय, तुमाले कायले देऊ, हे वरचे घ्या ना चिकने हायेत." मी म्हटलं नाही मला तेच पाहिजे. तो पाहतच राहिला माझ्याकडं, मग म्हणे "न्या मंग चाळीसनं पाव." अर्ध्या भावात! अन् तोच खरा पिकलेला माल होता.

हे जरा समजून घ्या कारण सगळी गोम इथंच आहे. आपली सवय काय, फळ टवटवीत दिसलं पाहिजे, टोमॅटो घ्या का सफरचंद घ्या, साल सुरकुतली की शिळं. या फळाचं उलटं आहे. वेलावर पिकलं की ते आपोआप गळून खाली पडतं, मग सालीतलं पाणी उडायला लागतं, साल आकसते, सुरकुत्या पडतात, अन् तोवर आतल्या गराचा आंबटपणा कमी होऊन गोडी वर येते. चिकनं फळ खराब नसतं पण दात आंबतात. घरी आणून टोपलीत दोन-चार दिवस उघड्यावर ठेवलं की तेही सुरकुततं, फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत पिकणं मंदावतं.

पण सुरकुतलेलं म्हणजे कोणतंही उचलायचं असं नाही. हातात घेऊन वजन पाहायचं. आकाराच्या मानानं जड लागलं पाहिजे. हलकं लागलं अन् हलवल्यावर आत खुळखुळलं तर आतला रस वाळलेला असतो, ते बाजूला. देठापाशी पांढरी बुरशी आहे का पाहा, दाबल्यावर एका जागी बोट आत जातं का पाहा, अन् नाकाशी धरा, आंबूस दारूसारखा वास आला तर ते खरंच गेलेलं. त्या क्रेटमधे असे पण होते दोन-तीन, ते मी काढून ठेवले अन् दादाला दाखवले की गेलेला माल हा असतो. हिरवं तर चुकूनही घेऊ नका. हिरव्या कच्च्या फळात सायनाइड तयार करणारे घटक असतात, सालीतही असतात, म्हणून कच्चं फळ अन् साल दोन्ही पोटात जाऊ द्यायची नाही. पिवळ्या जातीचं असलं तर ते पिकून पिवळं होतं, आपल्याकडं दिसतं ते बहुतेक जांभळंच.

कापायचं कसं. साल दिसते पातळ पण चिवट आहे, धार नसलेली सुरी घसरते. टमाटर कापायची दातेवाली सुरी असते ना ती घ्या. मधोमध दोन भाग केले तर निम्मा रस पाटावर सांडतो, म्हणून वरून टोपीएवढा तुकडा काढायचा अन् खाली वाटी धरायची. आत पांढरी जाड साल, तिला चिकटलेल्या केशरी-पिवळ्या रसाच्या बारीक पिशव्या अन् प्रत्येक पिशवीत एक काळी कुळकुळीत बी. सासूबाईंनी वाकून पाहिलं अन् म्हणाल्या, "बाप्पा, हे तं बेडकाचे अंडे दिसून राह्यले." पोट्टं हे ऐकून जे हसलं ते खायलाच तयार होईना. पण वास! वास असा सुटतो की पलीकडच्या खोलीतून माणूस विचारत येतो काय कापलं म्हणून. मला तरी वाटतं या फळाचे अर्धे पैसे वासाचेच आहेत.

चव आंबट-गोड, आंबट आधी. बिया खायच्या असतात, कुरकुरीत लागतात, त्या थुंकत बसू नका. फार चावल्या तर जराशा कडवट लागतात, म्हणून दोनदा चावून गिळून टाकायच्या. नुसतं चमच्यानं खायचं तर एखादं फळ मजेत जातं, दुसऱ्याला जीभ आंबते. अन् इथंच मला वाटतं लोकांचं चुकतं. सफरचंदासारखं पोट भरायला खायचं हे फळ नाहीच. हे लिंबाच्या, कवठाच्या रांगेतलं आहे, कशावर तरी, कशात तरी टाकून खायचं. एकदा हे डोक्यात बसलं की ८० रुपये पण जड वाटत नाहीत कारण सहा फळं घरातल्या सगळ्यांना पुरतात.

आमच्याकडं सगळ्यात हिट झाली ती चटणी. आपण कवठाची चटणी करतो ना गूळ-तिखट घालून, अगदी तीच रीत. तीन फळांचा गर बियांसकट, लिंबाएवढा गूळ किसून, लाल तिखट, मीठ, भाजलेलं जिरं जाडसर कुटून. गॅसवर ठेवायचं नाही, नुसतं हातानं कालवायचं अन् दहा मिनिटं गूळ विरघळू द्यायचा. शिजवलं की वास उडतो अन् क जीवनसत्त्व पण जातं. ज्वारीच्या भाकरीसोबत ही चटणी अन् बाजूला कांदा, बस. सासरे जे ऐंशी रुपये ऐंशी रुपये करत होते त्यांनी वाटी पुसून खाल्ली अन् वर म्हणाले कवठाची सर नाही. नसू दे.

दुसरं पपईवर. पपई गोड असते पण मिळमिळीत, खूप जणांना तिचा वास आवडत नाही, पोट्टे तर नाक मुरडतात. तिच्या फोडींवर एका फळाचा गर टाका अन् चिमूटभर काळं मीठ, पपईचा तो वास दबतो अन् चव एकदम उघडते. हे मी आता पाहुण्यांना देते, सगळे विचारतात काय टाकलं.

सरबत करायचं तर एका गिलासाला दोन फळं, माठाचं पाणी, काळं मीठ, जिरेपूड. साखर मी टाकत नाही, कोणाला लागलीच तर थोडा गूळ. गाळायचं असेल तर मिक्सर नुसता एक-दोन झटके फिरवायचा अन् चहाच्या गाळणीतून गाळायचं, जास्त फिरवला की बिया फुटतात, सरबतात काळे कण येतात अन् कडवटपणा उतरतो. पण माझं म्हणणं गाळूच नका, कारण पुढे सांगते. दुधात मात्र टाकू नका, एवढं आंबट आहे की दूध फाटतं. पोट्ट्याला मिल्कशेक पाहिजे होता, त्याला घट्ट दह्यात कालवून दिलं, वरून दोन केळाचे काप, खाल्लं गपचूप. बेडकाचे अंडे विसरला.

आता तब्येतीचं. व्हॉट्सअ‍ॅपवर या फळाबद्दल जे फिरतं ते वाचून हसू येतं, शुगर मुळापासून जाते, कॅन्सर होत नाही, रात्री गाढ झोप लागते. झोपेचं तर वेगळंच आहे, ज्या वेलाचा पाला-फूल झोपेच्या काढ्यासाठी वापरतात ती याच कुळातली दुसरी जात आहे, आपल्या अंगणात कृष्णकमळ असतं ना त्या खानदानातली. फळ खाऊन झोप येत असती तर मी भर दुपारी हे लिहीत बसले नसते.

जे खरं आहे ते असं. १०० ग्रॅम गरात साधारण ९७ कॅलरी अन् १० ग्रॅमच्या वर तंतू म्हणजे फायबर. हा फायबरचा आकडा फळांमध्ये खूपच चांगला आहे, पेरूत साधारण ५ ग्रॅम अन् संत्र्यात अडीच ग्रॅमच्या आतबाहेर. पण यातला बराचसा बियांमध्ये असतो, म्हणून म्हटलं गाळू नका, गाळलं की पैसे गाळणीत राहिले अन् आंबट गोड पाणी तेवढं पोटात गेलं. पोट साफ होत नाही ज्यांचं त्यांना उपयोग होतो, पाणी मात्र भरपूर प्या. क जीवनसत्त्व ३० मिलिग्रॅमच्या आसपास. आता इथं आपला पेरू काढा, त्यात २०० च्या वर! संत्र्यात ५० च्या वर. आवळ्याचं तर बोलायलाच नको. म्हणजे क जीवनसत्त्वासाठी कोणी ८० रुपये घालवत असेल तर त्यानं खुशाल शेताच्या धुऱ्यावरच्या पेरूच्या झाडाखाली जाऊन उभं राहावं. लोह पण आहे थोडं, दीड मिलिग्रॅमच्या वर, अन् आंबटासोबत भाजी-भाकरीतलं लोह अंगी जास्त लागतं, म्हणून जेवणात चटणी म्हणून खाल्लेलं बरं. फक्त जेवून उठल्या उठल्या चहा ढोसू नका, चहानं ते लोह अडतं, अन् आमच्या गावात बायांचं रक्त कमी निघायला या चहाचा पण हात आहे असं माझं मत.

शुगरवाल्यांचं विचाराल तर आमचे सासरे स्वतः शुगरवाले. १०० ग्रॅममध्ये साखर साधारण ११ ग्रॅम, अन् एका फळातून निघतो जेमतेम १८-२० ग्रॅम गर, म्हणजे एका फळात दोन ग्रॅम साखर. एक-दोन फळं बियांसकट खाल्ली तर घाबरायचं कारण नाही, पण त्यांच्यासाठी चटणी केली तर गूळ वगळायचा, गुळानं शुगर वाढत नाही हा आपल्याकडं फार मोठा गैरसमज आहे. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र डॉक्टरला विचारूनच खावं, १०० ग्रॅम गरात पोटॅशियम ३५० मिलिग्रॅमच्या जवळ आहे, जवळपास केळाएवढं. अन् रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांना हे फळ पण कधी कधी सोसत नाही, ओठ-जीभ खाजली तर लगेच थांबा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराचं मार्गदर्शन काढलं त्यात मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटात १०० ग्रॅम फळ धरलंय. म्हणजे एकट्या पॅशन फ्रूटनं भागवायचं तर रोज पाव किलो विकत घ्यावं लागेल, महिन्याचे २४०० रुपये. कोण वेडं करेल. संत्रा, पेरू, बोरं, सीताफळ जे घरचं आहे त्यानं पोट भरा अन् हे आठवड्यात एखाद-दोनदा चवीला, माझं तरी असंच चाललंय.

त्याच दुकानात पॅशन फ्रूटच्या सरबताची बाटली पण आहे, तिच्यावर फळाचा मोठा फोटो अन् हेल्दी असं मोठ्या अक्षरात. बाटली फिरवून मागचं बारीक वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे, अन् तिथं पहिलंच नाव साखर. मग फळ कुठंतरी मागं, रंग आहे, वास आहे. ते प्यायचंच असेल तर हौसेनं प्या, पाहुण्यांना द्या, पण तब्येतीसाठी म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला रोज पाजू नका.

जास्त आणलं तर साठवायचं कसं ते पण सांगते. पिकलेली फळं फ्रिजमध्ये प्लॅस्टिकच्या थैलीत आठवडाभर आरामात राहतात. त्याहून जास्त ठेवायचं तर गर काढून बर्फाच्या ट्रेत गोठवायचा अन् मग त्या वड्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो, कूलर सुद्धा गरम हवा फेकतो, तेव्हा मठ्ठ्यात किंवा पाण्यात एक वडी टाकली की काम झालं. लाइट मात्र टिकली पाहिजे, आमच्याकडं लोडशेडिंगचा भरवसा नाही, अर्धवट विरघळलेलं परत गोठवू नका.

दीर म्हणतात वेल लावू. हे फळ मूळचं तिकडं दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझील-पॅराग्वेकडचं, आपल्या देशात कुर्ग, निलगिरी, वायनाड अन् मणिपूर-नागालँड-मिझोरमकडं होतं. कुर्गातल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्रानं जांभळ्या अन् पिवळ्याचा संकर करून कावेरी नावाची जात पण काढली. जांभळ्याला थंड डोंगरी हवा लागते. पिवळं गरमीत तग धरतं पण त्याला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसरा वेगळा वेल जवळ पाहिजे अन् मोठे काळे भुंगे पाहिजेत. आमच्या मे महिन्यात काय होईल देव जाणे. विहिरीजवळ मांडवावर हौसेला एक-दोन वेल लावायला हरकत नाही, मी तर म्हणते लावाच, पण संत्र्याची झाडं काढून लावायला निघाले तर मी सासऱ्यांच्या बाजूनं.

दुकानाला पाचपैकी तीन. एक मार्क यासाठी कापला की फळ काय आहे, कसं खायचं, कधी पिकतं हे विकणाऱ्याला माहीत पाहिजे, ८० रुपये घेता तर एवढं तर सांगा, नाहीतर माणूस चिकनं घेऊन जातो, घरी कापतो, तोंड वाकडं करतो अन् परत कधी घेत नाही. दुसरा मार्क पॅकिंगचा, ट्रेवर प्लॅस्टिक इतकं घट्ट गुंडाळलेलं असतं की फळ उचलून वजन पाहता येत नाही, अन् आत घाम सुटून देठाला बुरशी धरते. सोडून द्या म्हटलं की देतात पण आपल्याला सांगावं लागतं. फळाला चार, महाग आहे म्हणून पाच नाही.

फोनपे चालतं, सुट्ट्याची कटकट नाही. जायचं तर आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या गर्दीत दादा कोणाला निवडू देत नाही, हाताला येईल ते तोलतो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा, तेव्हा तो निवांत असतो अन् खालचं क्रेट भरलेलं असतं.